आमची वाटचाल: किलोच्या भावापासून आयुधांपर्यंत

आमचं दुकान मुळात भांड्यांचं. बंब, घंगाळी, तपेली पुढे. देवांच्या पितळी मूर्ती मागच्या फळीवर, आणि त्याही किलोच्या भावाने. अलिगढ-मुरादाबादचा तयार माल तराजूत टाकायचा, झालं. स्टील आणि गीझर आल्यावर बंब-घंगाळी मागे पडली, देवांची फळी पुढे आली. तिच्यासोबत गिऱ्हाइकांचा प्रश्नही आला: "याच्या हातात नेमकं काय आहे हो?"

प्रश्न रास्त होता. वाळूच्या साच्यात ओतलेल्या लहान मूर्तीत आयुधं सगळ्यात बारीक, त्यामुळे तीच आधी बिघडतात. अंकुशाचा आकडा बोथट होतो, पाशाचा गोळा होतो, कमळ आणि शंख सारखेच दिसतात. उरलंसुरलं पॉलिशच्या चाकावर झिजतं. वजन पुरेपूर, पण देव ओळखायची खूणच नाही.

विष्णूच्या मूर्तीत तर त्या खुणेवर नाव ठरतं. संध्येत घेतो त्या चोवीस नावांच्या चोवीस मूर्ती. चारही हातांत तीच चार आयुधं, फरक फक्त क्रमाचा. मूर्तीच्या खालच्या उजव्या हातापासून सुरुवात करून वरचा उजवा, वरचा डावा, खालचा डावा असं वाचायचं. पद्म, शंख, चक्र, गदा असेल तर केशव. शंख, पद्म, गदा, चक्र असेल तर नारायण. आता केशवाचा फोटो आरशातल्यासारखा डावं-उजवं उलटून छापला गेला आणि कारागिराने त्यावरून मूर्ती घडवली, तर क्रम होतो गदा, चक्र, शंख, पद्म. म्हणजे माधव! नटराजाचंही तसंच: उचललेला पाय डावा आणि डमरू वरच्या उजव्या हातात हवा. म्हणून फोटोवरची ऑर्डर घेताना आम्ही आधी डावं-उजवं लिहून घेतो. मोबाइलवर आलेल्या चित्रांचा तर अजिबात भरवसा नाही.

बारीक आयुधांच्या मूर्ती आता मेणाच्या पद्धतीने होतात. मधमाश्यांच्या मेणात राळ मिसळतात; उन्हाळ्यात राळ थोडी वाढवावी लागते, नाहीतर बोटं वाकतात. मेणाच्या मूर्तीवर पहिला थर अगदी गाळीव मातीचा, कारण अंगावरची रेघ न् रेघ तोच थर उचलतो. त्यावर जाड मातीचे थर, प्रत्येक सावलीत वाळवून. मग साचा तापवून मेण काढायचं आणि त्या पोकळीत पितळ ओतायचं. पितळ मेणाच्या साधारण नऊपट जड, त्यामुळे मेण तोलून धातूचा अंदाज निघतो. ओतायच्या वाटेसाठी वर थोडा जास्त. मातीत ओल राहिली तर वाफ होऊन मूर्तीला भोकं पडतात, कधी धातू उसळूनही येतो. साचा गार पडला तर रस अंकुशाच्या टोकापर्यंत पोचण्याआधीच थिजतो. पितळ जास्त तापवलं की जस्त पांढऱ्या धुरावाटे उडून जातं आणि पृष्ठभाग खरबरीत येतो.

पाच सेंटिमीटरपेक्षा लहान मूर्तीत सुटी आयुधं करायचीच नाहीत, हा आमचा नियम. आयुध अंगाला चिकटून ठेवायचं आणि छिन्नीने उठाव द्यायचा. मुलीला लग्नात देतात त्या अन्नपूर्णेची पळी आणि रांगत्या बाळकृष्णाच्या हातातला लोण्याचा गोळा याच रीतीने टिकतात. पळी गेली तर अन्नपूर्णा कुठलीही बसलेली देवी होते.

टाकांचं, म्हणजे देवघरात पुजायच्या देवांच्या उठावाच्या पत्र्यांचं, काम वेगळं. तिथे ओतकाम नाही. चांदीचा पातळ पत्रा ठशावर ठोकायचा. खंडोबाच्या टाकावर घोडा, खांडा, म्हाळसा, खाली कुत्रा, एवढं सगळं बोटभर जागेत. पत्रा मधूनमधून तापवून मऊ केला नाही तर घोड्याच्या छातीवर, जिथे उठाव जास्त, तिथे हमखास फाटतो. ठसा झिजलेला असेल तर कुत्रा आधी नाहीसा होतो. चंपाषष्ठीच्या आधी टाक उजळायला येतात तेव्हा आम्ही रांगोळी-राखेऐवजी रिठ्याच्या पाण्यात मऊ ब्रशने धुतो. भाव आता वजन अधिक मजुरी असा लावतो, आणि मजुरीत सगळ्यात मोठा वाटा मूर्तीच्या हातांच्या कामाचा असतो.