स्टेअरिंग हलकं झालं

आजचा अख्खा रविवार गाडीखाली गेला. गेले 8 दिवस वळताना स्टेअरिंग जड लागायचं, कण्हल्यासारखा आवाज यायचा. काल बघितलं तर पॉवर स्टेअरिंगचं ऑईल तळाला गेलेलं, ऑईल टाकीत परत आणणारा रबरी पाइप क्लिपपाशी चिरलेला. बोट लावलं की लालसर तेल. उद्यमनगरातनं लगेच पाइप, क्लिपा आणि ऑईल आणलं होतं (गाडीच्या पुस्तकात लिहिलंय तेच घ्या, दुसरं नको).

पाइप बदलला, पण खरं काम ऑईलच्या पाइपांत शिरलेली हवा काढायचं. पुढची चाकं उचलून, स्टँड लावून, इंजिन बंद ठेवून बाबांनी स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश 20 वेळा फिरवलं. मी ऑईल भरत टाकीत बघत होतो. आधी फेस, मग एकेक बुडबुडा, मग शांत.

संध्याकाळी रंकाळ्याला चक्कर मारली. शेजारी बाबा नुसते हसत होते. लई बरं वाटलं.