आडनाव बाजूला ठेवा, मग किंगस्टनला जा

आजेसासूबाई ९१ वर्षांच्या आहेत. त्यांचं माहेरचं आडनाव व्हॅन वॅगेनन, मूळचं डच. गेल्या वाढदिवसाला आम्ही एका संशोधकाला ३०० डॉलर देऊन त्यांच्या माहेरचा ‘प्रमाणित’ वंशवृक्ष करून घेतला आणि फ्रेम करून त्यांच्या खोलीत लावला. बुंध्याशी आनेके यान्स आणि तिचे आजोबा म्हणून थेट डच राजघराण्यातला ऑरेंजचा राजपुत्र विल्यम. न्यूयॉर्क राज्यातल्या किंगस्टन या जुन्या डच गावी तीन दिवस घालवून आल्यावर सांगते, तो कागद खोटा आहे. म्हातारीला आम्ही खोटं विकत घेऊन दिलं याचा राग अजून गेलेला नाही, म्हणून लिहितेय.

आनेके यान्स खरी बाई. १६६३ मध्ये बेव्हरवाइकला, म्हणजे आजच्या ऑल्बनीत वारली. मॅनहॅटनमधली तिची ६२ एकरांची शेतजमीन पुढे ट्रिनिटी चर्चकडे गेली, आणि त्या जमिनीच्या आशेवर तिच्या वारसांनी पिढ्यान्‌पिढ्या दावे लावले. वारस म्हणवणाऱ्यांकडून पैसे उकळायला ही राजघराण्याची कहाणी रचली गेली. तुमच्या झाडात राजपुत्र दिसला, तर तिथेच थांबा. तिच्या मृत्युपत्रात मुलांची नावं आहेत. तुमचा पूर्वज त्यात बसतो का, एवढंच पाहा.

शेवटच्या शंभर वर्षांचे दाखले तुमच्याकडे आहेत आणि १८५०च्या जनगणनेपर्यंत तुम्ही पोचला आहात, असं धरून चालते. तिथवरचा रस्ता सरळ आहे. दमछाक होते ती १६६० ते १७००च्या टप्प्यात, कारण तिथे आडनावच नाहीसं होतं.

खरं तर मराठी माणसाला हे पटकन कळायला हवं. आपल्या नावातलं आडनाव काढलं की उरतं आपलं नाव आणि वडिलांचं नाव. डचांचं तेच. आजेसासूबाईंच्या घराण्याची पहिली पिढी आर्ट याकोबसेन, म्हणजे याकोबचा मुलगा आर्ट. त्याचे मुलगे याकोब आर्टसेन आणि गेरिट आर्टसेन. आजोबा, बाप, नातू तिघांची ‘आडनावं’ वेगळी. आणि ‘व्हॅन’ म्हणजे आपलं ‘-कर’: व्हॅन वॅगेनन म्हणजे हॉलंडमधल्या वागेनिंगेन गावचे, वागेनिंगेनकर. हे नाव पुढच्या पिढ्यांत कायम झालं. पहिली पिढी त्या नावाने शोधली तर हाती काही लागत नाही. माझे पहिले दोन दिवस असेच गेले.

त्याआधी एक चूक घरीच केली होती. मी वेंगुर्ल्याची, डच वखारीच्या पडक्या भिंती बघत वाढलेली. म्हणून आधी ईस्ट इंडिया कंपनीच्या खलाशांच्या याद्या उपसल्या. वेंगुर्ल्याची कंपनी ती. न्यू नेदरलँड, म्हणजे न्यूयॉर्कच्या जागची जुनी डच वसाहत, होती वेस्ट इंडिया कंपनीची, १६२१ साली निघालेल्या. तिचे बरेचसे जुने कागद १८२१ मध्ये रद्दीत विकले गेले. तिकडे वेळ घालवू नका.

काम होतं ते एका पुस्तकाने. किंगस्टनच्या डच चर्चचं बाप्तिस्मा आणि लग्नांचं रजिस्टर, १६६० ते १८०९, १८९१ मध्ये छापलं गेलं. त्याची स्कॅन प्रत नेटवर फुकट मिळते. ३०० डॉलर कशाचे, ते आता कळलं असेल. तारीख, आईबाप, मूल, साक्षीदार अशी नोंद. आई स्वतःच्या बापाच्या नावाने लिहिलेली असते, लग्नानंतरही. इथेच मला गाठ सापडली. आर्टची बायको आनेके गेरिट्स, म्हणजे गेरिटची मुलगी. त्यांच्या मुलांची नावं याकोब आणि गेरिट: एक बापाच्या बापाचं, एक आईच्या बापाचं. मग याकोबने सारा पेल्सशी लग्न केलं. सारा एव्हर्ट पेल्सची मुलगी, आणि त्यांच्या मुलांत एक आर्ट, एक एव्हर्ट. ग्रंथालयातल्या त्या टेबलावर मला रडू आलं. आनेके यान्स कुठेच नव्हती.

साक्षीदारांची नावं वगळू नका, ते बहुतेक सख्खे मामा, काका, आत्या असतात. आणि जानेवारी ते मार्चची तारीख असेल तर वर्ष दोनदा तपासा. इंग्रज अमलात १७५२पर्यंत वर्ष २५ मार्चला सुरू होई.

नुसत्या आडनावावर रक्ताचं नातं ठरवू नका, याचं दुसरं कारण सोजर्नर ट्रुथ, गुलामगिरीविरुद्ध लढलेली कृष्णवर्णीय कार्यकर्ती. जन्म किंगस्टनच्याच अल्स्टर काउंटीत, पहिली भाषा डच. १८२६ मध्ये गुलामीतून निघून ती इसाक व्हॅन वॅगेननच्या घरी आली. त्याने तिच्या मालकाला वर्षाच्या उरलेल्या दिवसांचे २० डॉलर दिले, आणि काही काळ तिने इसाबेला व्हॅन वॅगेनन हे नाव लावलं. हे मी आजेसासूबाईंना सांगितलं, तेव्हा त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, हेही त्या कागदावर हवं होतं.

आता जाण्याचं. न्यू जर्सीहून न्यूयॉर्क थ्रूवे या महामार्गाने एक्झिट १९. ओल्ड डच चर्चचं आवार जरूर पाहा, पण तिथल्या दगडांवर भिस्त ठेवू नका, जुने वालुकाश्माचे दगड झिजलेत. सध्याची इमारत १८५२ची आहे. १७७७च्या १६ ऑक्टोबरला इंग्रजांनी गाव जाळलं होतं. न्यू पाल्ट्झचं ह्यूगनॉट स्ट्रीट सुंदर आहे, एक दुपार पुरे.

ऑल्बनीच्या राज्य अभिलेखागाराला जन्मनोंदींसाठी जाऊ नका. तिथे वेस्ट इंडिया कंपनीच्या सरकारचे डच कागद आहेत, १९११च्या आगीत कडा जळालेले. जमीन किंवा कोर्टाचं काम असेल तरच जा, तेही आठवड्याच्या दिवशी. बरेच कागद इंग्रजीत भाषांतरित झालेत, ते आधी घरी वाचून निघा.

मागचं हॉलंड हवं असेल तर अर्नहेमचं गेल्डर्स आर्किफ हे अभिलेखागार गाठा. तिथे मी अजून पोचले नाही. आर्टचा बाप याकोब तिथेच कुठेतरी असेल.