भीड

विश्रामबाग, सांगली. रविवार, रात्र.

आज दुपारी भाच्याने त्याच्या पहिल्या कामाच्या प्रस्तावाचा मसुदा वाचायला पाठवला. पुण्यातील नोकरी सोडून वीजबचतीची स्वतंत्र कन्सल्टन्सी करण्यासाठी तो सांगलीला परत आला आहे. कोणती मोजमापे घेणार, कोणत्या उपकरणांनी घेणार, अहवाल किती दिवसांत देणार, हा सगळा भाग त्याने नेटका लिहिला आहे. शेवटी मात्र एक ओळ आहे : ‘मानधन : आपण योग्य समजाल ते.’ ती वाचून मी बराच वेळ तसाच बसून राहिलो, कारण २०११ मध्ये कुपवाड एमआयडीसीतील एका कारखान्याला दिलेल्या माझ्या पहिल्या पत्रात अगदी हीच ओळ होती.

त्या वेळच्या मला आज काही सांगता आले असते, तर मी तांत्रिक असे काहीच सांगितले नसते. ते ज्ञान कामातून आलेच. मी भिडेबद्दल सांगितले असते.

आपल्याकडे प्रत्येक मालक कोणाचा तरी मेहुणा, वडिलांचा जुना स्नेही किंवा वालचंद महाविद्यालयातला वरच्या वर्गातला विद्यार्थी असतो. ओळखीने काम मिळते, आणि त्याच ओळखीने पैशाची गोष्ट काढणे अवघड होऊन बसते. मी कारखान्यात जायचो, चहा यायचा, आणि चहा संपेपर्यंत हवेच्या लाइनीत गळती कुठे आहे, कॉम्प्रेसरचा (हवा दाबून पुरवणाऱ्या यंत्राचा) दाब गरजेपेक्षा किती जास्त ठेवला आहे, हे सगळे मी सांगून मोकळा झालेलो असायचो. हवेचा दाब एका बारने (बार हे दाबाचे एकक) उतरवला तर त्या कॉम्प्रेसरची वीज सहा-सात टक्क्यांनी वाचते. एवढे एक वाक्य त्या मालकाला वर्षभर उपयोगी पडायचे. पुढच्या आठवड्यात तो स्वतःच दाब उतरवायचा, फोन करून आभार मानायचा आणि अहवालाची गरज उरायची नाही. त्याचे काही चुकत होते असे मला आजही वाटत नाही. पहिल्या भेटीचे शुल्क किती, हे फोनवरच सांगायला हवे होते, आणि ते सांगणे माझे काम होते.

दर ठरवतानाही मी पगाराला महिन्यातल्या कामाच्या सव्वीस दिवसांनी भागून दिवसाचा आकडा काढला होता. महिन्यातले जेमतेम दहा-बारा दिवसच बिलाचे असतात. बाकीचे दिवस प्रवासात, प्रस्ताव लिहिण्यात, उपकरणांचे कॅलिब्रेशन (अचूकतेची तपासणी) करून आणण्यात आणि थकलेल्या रकमांच्या मागे जातात. हे समजायला मला तीन वर्षे लागली. जीएसटी आल्यावर तर थकबाकी अधिकच बोचू लागली, कारण बिल दिले की १८ टक्के कर वेळेवर भरावाच लागतो, ग्राहकाचे पैसे आलेले असोत वा नसोत. कितीतरी वेळा न मिळालेल्या पैशांवरचा कर मी घरखर्चातून भरला आहे.

मग २०१९ चा ऑगस्ट आला. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट आहे; त्या वेळी कृष्णा ५७ फुटांच्या घरात गेली. माझी पाच ठिकाणची बिले तेव्हा थकलेली होती, काही तर वर्षभरापासून. पुराआधी भिडेने मागितली नव्हती. पुरानंतर, ज्यांच्या घरातला गाळ अजून निघालेला नव्हता त्यांच्याकडे मागवेना. त्या दिवाळीत पत्नीने तिची ठेव मोडली. ती एकदाही बोलली नाही, आणि म्हणूनच ते माझ्या अजून मनात आहे.

कायदा तेव्हाही माझ्या बाजूने होता. २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) कायद्यानुसार नोंदणी केलेल्या सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. मी नोंदणीच केली नव्हती. ती २०२१ मध्ये केली. आता मुदत उलटून वर्षअखेरीसही न दिलेल्या रकमेची प्राप्तिकरातली वजावट देणाऱ्याला त्या वर्षी मिळत नाही, त्यामुळे मार्च आला की ग्राहकांचे सीए स्वतःहून फोन करून माझी काही बाकी आहे का, असे विचारतात.

पैशाचे हे नुकसान भरून निघाले. दुसरे निघाले नाही, आणि भाच्याला सांगायचे ते खरे तर तेच आहे.

तासगावच्या बाजूला बेदाण्याचे एक शीतगृह होते. मालक वडिलांच्या ओळखीचे. विजेचे बिल वाढले म्हणून त्यांनी नवा अमोनिया कॉम्प्रेसर घ्यायचे मनात पक्के केले होते आणि माझ्याकडून त्याला दुजोरा हवा होता. रात्रपाळीचा ऑपरेटर मला बाजूला घेऊन दाबाच्या काट्याबद्दल म्हणाला, “सायेब, १८० पायजे तितं २१० दावतंय, पानीच खराब हाय.” त्याचे बरोबर होते. बोअरच्या जड पाण्याने कंडेन्सरवर, म्हणजे गरम अमोनिया वायू थंड करून त्याचा द्रव करणाऱ्या भागावर, क्षार साचले होते. कंडेन्सिंगचे तापमान एका अंशाने चढले की कॉम्प्रेसरची वीज दोन-तीन टक्क्यांनी वाढते, आणि तिथे ते पाच अंशांनी चढलेले होते. पण पाणी मऊ करण्याचे यंत्र काढून टाकायचा निर्णय मालकांच्या धाकट्या भावाचा होता, आणि तो समोर बसलेला होता. मी अहवालात ‘कंडेन्सरच्या सफाईचाही विचार व्हावा’ एवढेच लिहिले, तेही नवव्या पानावर. कॉम्प्रेसर आला, काही लाख गेले, बिल होते तिथेच राहिले. मालक मला काही बोलले नाहीत. त्यांनी पुन्हा बोलावलेही नाही.

‘भीड भिकेची बहीण’ असे आजी म्हणायची. मी त्याचा अर्थ पैशापुरताच घेत आलो होतो. ज्या तोंडाने स्वतःच्या कामाची किंमत सांगता येत नाही, त्याच तोंडाने समोरच्याला न रुचणारे खरेही सांगता येत नाही, हे त्या शीतगृहानंतर मला कळले. आता अहवालातले सर्वांत अप्रिय वाक्य मी पहिल्या पानावर लिहितो, आणि तो देण्याआधी मालकांना एकट्याने भेटून ते तोंडी सांगतो, म्हणजे घरच्या माणसांसमोर कोणाचा पाणउतारा होत नाही.

मसुदा उद्या सकाळी परत द्यायचा आहे. मानधनाचा आकडा मी लिहून देणार नाही. त्याला समोर बसवून त्याच्याकडूनच लिहून घेणार आहे, आणि त्याखाली निम्मी रक्कम आगाऊ, ही ओळही.