भौतिकशास्त्र, १९८७ ची तुकडी

आमच्या स्नेहमेळाव्यात पहिल्यापासून एक नियम आहे: प्रत्येकाने उभं राहून तीन मिनिटांत आपलं ‘हल्ली काय चाललंय’ सांगायचं. हा नियम आता कुणी पाळत नाही. सुरुवातीला तीन मिनिटं पुरून उरायची, कारण सांगण्यासारखं फक्त पद असायचं. अमुक कॉलेजात लागलो, तमुक बँकेत लागलो, अजून शोधतोय. पुढे घर, बदल्या, मुलांच्या परीक्षा आल्या. आता तीन मिनिटांत माणूस जेमतेम गुडघ्यापर्यंत पोचतो, कंबर आणि पाठ पुढच्याच्या वेळेत जातात.

आम्ही १९८७ साली भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झालो. शेवटच्या वर्षाला असताना, त्याच फेब्रुवारीत, मोठ्या मॅगेलन मेघात, म्हणजे आपल्या शेजारच्या दीर्घिकेत, एक तारा फुटल्याची बातमी आली. सुमारे १,६८,००० प्रकाशवर्षांवरून निघालेले त्याचे न्यूट्रिनो नावाचे अतिसूक्ष्म कण पृथ्वीवरच्या उपकरणांनी टिपले, तेही मोजून दोन डझन. इतका प्रवास करून ते नेमके आमच्या परीक्षेच्या तोंडावर पोचले, याचं आम्हाला कोण अप्रूप! आयुष्यभर हेच करायचं, असं त्या आठवड्यात वर्गातल्या जवळजवळ सगळ्यांनी ठरवून टाकलं.

केलं मोजक्यांनीच. एक जण बँकेच्या संगणक विभागात गेला. वर्षाचे शेवटचे दोनच आकडे साठवण्याची जुन्या लोकांची काटकसर निस्तरण्यात त्याचं १९९९ साल गेलं. एक जण विमा कंपनीत मृत्युतक्ते मांडायला लागला. तो मेळाव्यात आमच्याकडे जरा वेगळ्याच नजरेने बघतो, असं सगळ्यांचं मत आहे. काही जण शाळेत शिकवायला गेले, आणि आमच्यापैकी सर्वांत जास्त भौतिकशास्त्र त्यांनीच वापरलं, असं मला वाटतं.

एक मित्र वजनमापांच्या प्रयोगशाळेत होता. वर्षानुवर्षं त्याची खबरबात एका वाक्यात संपायची: “किलोग्रॅम आहे तिथेच आहे.” २०१९ साली मात्र तो अर्धा तास बोलला. त्या वर्षी २० मेपासून पॅरिसजवळ तिजोरीत ठेवलेल्या प्लॅटिनम-इरिडियमच्या ठोकळ्याची सद्दी संपली आणि किलोग्रॅम प्लांकच्या स्थिरांकावर, म्हणजे निसर्गातल्या एका न बदलणाऱ्या संख्येवर, बेतला गेला. “म्हणजे आमची वजनं उतरली का?” असं मागून कुणीतरी विचारलं. त्याला राग आला, आणि तो यायला हवाच होता. माणसाने नोकरीतली सगळी वर्षं ज्यावर घालवली, त्यावर विनोद ऐकायला तो आलेला नव्हता.

पण सर्वांत रंगला तो २०१६ चा मेळावा. सापेक्षतावाद शिकवणारे आमचे सर गुरुत्वीय लहरींचं, म्हणजे अवकाशकाळात उठणाऱ्या तरंगांचं, समीकरण फळ्यावर मांडून म्हणायचे, “दिसायला सुरेख आहे, पण आपल्या हयातीत हे कुणी मोजणार नाही.” १४ सप्टेंबर २०१५ ला ते मोजलं गेलं आणि पुढच्या ११ फेब्रुवारीला जाहीर झालं. १३० कोटी प्रकाशवर्षांच्या आसपास अंतरावर दोन कृष्णविवरं एकमेकांत मिसळली आणि त्यामुळे अमेरिकेतल्या लायगो या शोधयंत्राच्या ४ किलोमीटर लांबीच्या भुजा प्रोटॉनच्या व्यासाच्या जेमतेम हजाराव्या हिश्श्याइतक्या हलल्या. त्या वर्षी ना कुणी पदोन्नती सांगितली ना नातवंडांचे फोटो दाखवले. ऐंशी ओलांडलेले सर मुद्दाम आले होते. त्या संकेताचा केलेला आवाज त्यांनी कुणाच्या तरी फोनवर कान लावून पुन्हा पुन्हा ऐकला. सेकंदाचा एक तुकडा, बस. मग सगळ्यांना म्हणाले, “वहीतलं माझं ते वाक्य खोडा.” गंमत म्हणजे आमच्यातल्या एका मैत्रिणीकडे ती वही खरोखरच होती, आणि तिने पुढच्या वर्षी ते खोडून आणून दाखवलं.

तिचंच सांगतो. सुरुवातीच्या मेळाव्यांत “मी घरीच असते” एवढं बोलून ती खाली बसायची. कुणी पुढे विचारायचं नाही, कारण ‘काय चाललंय’ म्हणजे नोकरी, अशी आमची सगळ्यांची पक्की समजूत होती. मुलं मोठी झाल्यावर तिने पीएच.डी.ला नाव नोंदवलं. विषय न्यूट्रिनोंचा. आम्ही शिकलो तेव्हा त्यांचं वस्तुमान शून्य धरायचो. ते शून्य नाही हे १९९८ मध्ये कळलं, म्हणजे तिला अर्धा विषय नव्यानेच शिकावा लागला. आता तिच्या तीन मिनिटांचा तास होतो आणि घड्याळाकडे कुणी बघत नाही.

नावं विसरण्याचा प्रकार दरवर्षी वाढतो. समोरचा चेहरा चांगला ओळखीचा, नाव काही केल्या आठवत नाही. याची फार लाज वाटून घेऊ नये. अमेरिकेत १९७५ साली ३९२ माजी विद्यार्थ्यांवर केलेल्या अभ्यासात, तीसेक वर्षांनंतरही वर्गसोबत्यांचे चेहरे ओळखण्यात माणसं नव्वद टक्क्यांच्या आसपास बरोबर निघाली. मदतीशिवाय नाव आठवताना मात्र त्यांची चांगलीच तारांबळ उडाली. हे कळल्यापासून आम्ही गळ्यात नावाच्या पट्ट्या घालतो. अक्षर मोठं ठेवावं लागतं, ते वेगळं.

जे येत नाहीत त्यांचीही खबरबात कुणीतरी सांगतं. काहींची आता सांगण्यासारखी उरलेली नाही. ती नावं आम्ही आधी वाचून घेतो आणि मग पुढे जातो.

गेल्या मेळाव्यापर्यंत बहुतेक सगळे निवृत्त झाले होते. मृत्युतक्तेवाल्याने सांगितलं की विद्युतगतिकीचं जुनं पुस्तक पुन्हा काढलंय, पण पहिल्याच प्रकरणातली उदाहरणं सुटत नाहीत. आम्ही सगळ्यांनी पहिल्या नंबरवाल्याकडे पाहिलं. ती उदाहरणं आम्ही त्याच्याच वहीतून उतरवून घेतली होती. तो शांतपणे म्हणाला, “माझ्याकडे बघू नका. मी वरच्या तुकडीच्या वहीतून उतरवायचो.”