दीपचंदीचे चौदा दिवस: चौघांच्या संघाच्या सहा महिन्यांच्या नोंदी

आम्ही चौघे मिळून तबल्याच्या रियाजासाठी ठेका (तालाचे ठरलेले बोल), लेहरा (तालाच्या प्रत्येक फेरीत तीच फिरून येणारी धून) आणि तंबोरा वाजवणारे एक मुक्त सॉफ्टवेअर फावल्या वेळात लिहीत आहोत. मी आणि आणखी एक जण तबला वाजवतो, एक जण गातो, आणि चौथ्या सहकाऱ्याने संगीत कधीच शिकलेले नाही. मात्र कोड लिहिण्यात तो आम्हा तिघांपेक्षा पुष्कळ अनुभवी आहे. वाद्यासमोर बसताना जी शिस्त आम्ही न सांगता पाळतो, तिचा अंशही कोड लिहिताना पाळत नाही, हे सहा महिन्यांपूर्वी प्रकर्षाने जाणवले. नवी आवृत्ती कधी निघणार हे कोणालाच ठाऊक नसे, अर्धवट ब्रांच (मुख्य कोडपासून वेगळ्या काढलेल्या कामाच्या प्रती) साचत जात, आणि एकाचे काम दुसऱ्याच्या कामाला कुठे येऊन मिळणार याचा अंदाज कोणी बांधत नसे. म्हणून तालाच्या कल्पना केवळ उपमा म्हणून न वापरता, मात्रा, म्हणजे तालाचे एकेक माप, मोजून कामाला लावायच्या असे ठरवले. तेव्हापासून १३ आवर्तने, म्हणजे तालाच्या पूर्ण फेऱ्या, झाली आहेत, आणि अशाच लहान संघांत हौसेने सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांना त्यांतले हिशेब उपयोगी पडतील असे वाटल्यामुळे या नोंदी सविस्तर लिहीत आहे.

सोळाकडून चौदाकडे

आरंभी आम्ही त्रिताल घेतला. एक दिवस म्हणजे एक मात्रा, १६ दिवसांचे एक आवर्तन, आणि पहिल्या मात्रेला, म्हणजे समेला, नवी आवृत्ती बाहेर. आवर्तनाच्या आत कोणी कसे काम करावे यावर बंधन नव्हते. समेवर सर्वांनी एकत्र यावे एवढाच नियम होता. कल्पना योग्य होती, ताल चुकला होता. आठवड्याचे सात दिवस आणि तालाच्या सोळा मात्रा यांचा मेळ बसत नसल्याने सम दर वेळी दोन वारांनी पुढे सरकत गेली: पहिली शनिवारी, दुसरी सोमवारी, तिसरी बुधवारी. नोकरी सांभाळून संध्याकाळी आणि सुट्टीला काम करणाऱ्यांसाठी बुधवारची सम म्हणजे रात्री उशिरापर्यंतची धावपळ आणि दमलेल्या डोळ्यांनी केलेले मर्ज, म्हणजे ब्रांच मुख्य कोडमध्ये मिसळणे.

दोन आवर्तनांनंतर आम्ही तीन दिवस थांबलो आणि शनिवारपासून चौदा मात्रांची दीपचंदी धरली. तिचे विभाग ३, ४, ३, ४ असे आहेत. टाळी पहिल्या, चौथ्या आणि अकराव्या मात्रेवर, आणि खाली आठव्या मात्रेवर. पहिला दिवस शनिवार असेल तर आठवा दिवसही शनिवारच येतो, आणि पुढची समही शनिवारीच येते. चौदा दिवसांचे काम ही सॉफ्टवेअरच्या जगात काही नवी गोष्ट नाही, हे मान्य आहे. पण आम्हाला त्या चौदा दिवसांची आतली रचना मिळाली, आणि माझ्या मते खरा लाभ तिथेच झाला.

खालीचा दिवस

खाली म्हणजे विश्रांती असा समज अनेकांचा असतो. ठेका ऐकताना कान देऊन पाहिले तर खालीच्या भागात वादन थांबत नाही, फक्त डग्ग्याचा, म्हणजे जोडीतल्या डाव्या तबल्याचा, घुमारा निघून जातो. ‘धा’ च्या जागी ‘ता’ येतो. त्या फरकामुळेच, बोटांवर मात्रा न मोजताही, आपण आवर्तनात नेमके कुठे आहोत हे गायकाला कळते. खालीचे काम जागा दाखवण्याचे आहे.

आमच्या आवर्तनात आठव्या दिवशी नवे काही लिहायचे नाही, असा नियम केला. त्या दिवशी प्रत्येकाने आपली ब्रांच उघडून समेपर्यंत काय पोहोचेल आणि काय पोहोचणार नाही ते सांगायचे, आणि जे पोहोचणार नाही ते तिथेच कापून बाजूला ठेवायचे. पूर्वी हा निर्णय शेवटच्या रात्री व्हायचा, आणि त्या वेळी कापणे म्हणजे झालेले काम उसवणे असे. आता तो निम्म्या वाटेवर होतो, आणि कापलेला तुकडा पुढच्या आवर्तनात निमूट परत येतो. या एका दिवसाने आमच्या कामात जितका फरक पडला, तितका दुसऱ्या कशानेही पडला नाही.

तिहाईचा हिशेब

तिहाई म्हणजे एकच बोलसमूह तीनदा वाजवून, तिसऱ्याचा शेवटचा ठोका बरोबर समेवर आणणे. हिशेब सोपा आहे: समूहाच्या मात्रांची तिप्पट आणि मधल्या दोन विरामांची बेरीज, समेपर्यंत शिल्लक असलेल्या मात्रांइतकी, सम धरून, यायला हवी. त्रितालात समेपासून समेपर्यंत, दोन्ही समा मोजून, १७ मात्रा होतात. पाच मात्रांचा समूह आणि एकेका मात्रेचा विराम घेतला की ५, १, ५, १, ५ असे सतरा भरतात. मुद्दा असा की तिहाई शेवटाकडून मोजली जाते. कुठे पोहोचायचे ते आधी ठरते, आणि कुठून उठायचे ते त्यावरून निघते.

आवृत्ती बाहेर काढण्याची आमची सगळी प्रक्रिया, म्हणजे बिल्ड करणे (कोडपासून चालणारा प्रोग्राम बनवणे), टेस्ट चालवणे, तीन वेगवेगळ्या उपकरणांवर प्रत्यक्ष वाजवून पाहणे आणि बदलांची टिपणे लिहिणे, पूर्वी एकदाच आणि तीही शेवटी होत असे. आता खालीनंतरच्या नवव्या दिवसापासून पुढच्या समेपर्यंत, सम धरून, सात दिवस उरतात. एक दिवसाचा समूह आणि दोन दिवसांचा विराम घेतला की १, २, १, २, १ मिळून सात होतात. म्हणून नववा दिवस, बारावा दिवस आणि सम, असे तीन वेळा आम्ही हीच प्रक्रिया, एकही पायरी न गाळता, पूर्ण करतो. पहिल्या दोन वेळी आवृत्ती आमच्यापुरतीच राहते, तिसऱ्या वेळी ती सर्वांसाठी खुली होते. तिन्ही वेळा बोल तेच असणे महत्त्वाचे आहे. सातव्या आवर्तनात नवव्या दिवशी आम्ही उपकरणांवरची तपासणी ‘पुढच्या वेळी करू’ म्हणून सोडली, आणि एका उपकरणावर तंबोऱ्याचा सूर तुटत असल्याचे थेट समेच्या दिवशी कळले. त्या वेळची सम आम्ही चुकवली.

पढंत, आणि ४१ मिलिसेकंदांची गोष्ट

या नोंदींतला मला सर्वांत जिव्हाळ्याचा भाग हा आहे. तबला शिकताना बोल वाजवण्याआधी हातावर ताल धरून तोंडाने म्हणावे लागतात; हीच पढंत. जे तोंडातून स्पष्ट निघत नाही ते हातातूनही निघत नाही, हे पहिल्यापासून मनावर ठसवले जाते. पढंतीत कुठे अडखळायला होते ते बरोबर कळते, कारण ताल थांबत नाही आणि चूक शब्दांच्या आड दडवता येत नाही. आम्ही ठरवले की मोठा बदल कोडमध्ये लिहिण्याआधी, लिहिणाऱ्याने तो इतर तिघांना पायरीपायरीने, कागद न पाहता म्हणून दाखवायचा.

पहिली मोठी पढंत ठेक्याच्या घड्याळाची झाली. आमच्यातल्या दुसऱ्या तबलावादकाने तक्रार नोंदवली होती की ११० च्या लयीत अर्धा तास रियाज केला की ठेका लेहऱ्याच्या किंचित पुढे धावतो आणि समेवर दोन वेगळे ठोके ऐकू येतात. ध्वनीचे सेकंदाला ४४,१०० नमुने (क्षणोक्षणी घेतलेली मोजमापे) आम्ही वापरतो. मिनिटाला ११० मात्रा असतील तर एका मात्रेला सुमारे २४,०५४.५५ नमुने येतात, आणि आमचा कोड अपूर्णांक टाकून देऊन २४,०५४ वरच पुढचा ठोका ठेवत होता. दर मात्रेला अर्ध्या नमुन्याहून थोडे अधिक नुकसान कानाला कधीच कळणार नाही. पण अर्ध्या तासात ३,३०० मात्रा होतात आणि एकूण १,८०० नमुन्यांची तूट पडते, म्हणजे जवळपास ४१ मिलिसेकंद. लेहरा मात्र सलग ध्वनिमुद्रणातून वाजत असल्याने त्याला ही तूट नसते. हा दोष इतके दिवस का सापडला नाही याचेही उत्तर हिशेबातच होते. आम्ही तपासणी नेहमी ६०, ७०, ८०, ९०, १०० आणि १२० या लयींत करत होतो, आणि या प्रत्येक लयीत एका मात्रेचे नमुने पूर्णांकातच येतात.

दुरुस्ती मी सुचवली होती: पुढची मात्रा मागच्या मात्रेवरून मोजायची नाही, प्रत्येक मात्रा सुरुवातीच्या क्षणावरून मोजायची, म्हणजे चूक कधीच साचणार नाही. हे म्हणून दाखवत असताना मी तिसऱ्या पायरीला पोहोचले आणि संगीत न शिकलेल्या सहकाऱ्याने विचारले, “वाजवणाऱ्याने मध्येच लय वाढवली, तर सुरुवातीचा क्षण कोणता धरायचा?” मला उत्तर देता आले नाही. मी लिहिणार होते त्या कोडमध्ये लय बदलताच ठेका काही मात्रा उडी मारून पुढे गेला असता, कारण नव्या लयीचा हिशेब जुन्या आरंभापासून लागला असता. लय बदलेल त्या मात्रेलाच नवा आरंभ मानायचा, हे उत्तर सापडायला दहा मिनिटे लागली. कोड लिहून झाल्यावर तोच दोष शोधायला दोन संध्याकाळ तरी गेल्या असत्या, असा माझा अंदाज आहे.

या दोषाने आम्हाला स्वतःच्या कामाबद्दलही एक गोष्ट दाखवली. आमच्या ब्रांचही एकमेकींवरून मोजलेल्या होत्या: माझी ब्रांच दुसऱ्या कोणाच्या अपूर्ण ब्रांचवर, तिसऱ्याची माझ्या ब्रांचवर. प्रत्येक सांध्याला थोडी तूट, आणि मर्ज करताना ती सगळी एकदम समोर. आता प्रत्येक ब्रांच मागच्या समेच्या आवृत्तीवरूनच निघते, दुसऱ्याच्या अपूर्ण कामावरून निघत नाही. त्यासाठी कामांचे तुकडे अधिक लहान करावे लागले, आणि ते करणे पहिले दोन महिने जिकिरीचे गेले.

ठेका कोणी धरायचा

साथसंगतीत एकाने विस्तार करायचा असेल तर दुसऱ्याने ठेका धरावा लागतो. दोघांनी एकाच वेळी विस्तार आरंभला तर सम हरवते. आम्ही दर आवर्तनात एकाला ठेका देतो. त्याने तक्रारींना उत्तरे द्यायची, इतरांचे कोड त्याच दिवशी तपासायचे, बिल्ड मोडला तर तो आधी सावरायचा, आणि स्वतः नवे फीचर हाती घ्यायचे नाही. पहिल्या दोन-तीन वेळा ठेका धरणाऱ्याने ‘लहानसे’ फीचरही घेतले, आणि दर वेळी ठेकाच ढिला पडला.

ही पाळी फिरती ठेवण्यामागे एक जुना दाखला माझ्या मनात होता. मॉस्कोत १९२२ ते १९३२ या काळात पर्सिम्फान्स नावाचा वाद्यवृंद संचालकाशिवाय वाजवत होता. न्यूयॉर्कमध्ये १९७२ साली स्थापन झालेला ऑर्फियस चेंबर ऑर्केस्ट्रा आजही संचालकाविना वाजवतो, आणि त्यात नेतृत्व रचनेगणिक वेगवेगळ्या वादकांकडे जाते. चौघांत सहाच जोड्या होतात, म्हणून आम्हाला हे सहज जमते; आठ जणांत त्याच जोड्या २८ होतात, आणि तिथे ही पद्धत अशीच्या अशी चालेल असे मी म्हणणार नाही.

सुरात घेणे

याबद्दल थोडक्यात सांगते. गाणे सुरू होण्याआधी तबला गायकाच्या षड्जाला, म्हणजे ‘सा’ला, मिळवून घेतला जातो, तसे दर समेला चौघांच्या संगणकांवरील साधनांच्या आवृत्त्या एका यादीवरून जुळवून घेतो. पंधरा मिनिटे लागतात. ‘माझ्याकडे तर चालते’ हे वाक्य त्यानंतर ऐकू आलेले नाही.

जे जमले नाही

सवाल-जवाबाच्या धर्तीवर दोघांनी आळीपाळीने कोड लिहायचा प्रयोग आम्ही तिसऱ्या आवर्तनात केला. एकाने टेस्ट लिहायची, दुसऱ्याने ती पूर्ण करणारा कोड, आणि मग पाळी उलटी. मंचावर सवाल-जवाबाला रंग चढतो तो स्पर्धेमुळे, आणि तोच रंग इथे घातक ठरला. टेस्ट उपयोगी होण्याऐवजी अवघड होत गेल्या. दोन आठवड्यांत तो प्रयोग आम्ही थांबवला.

दुसरी अडचण अधिक खोलवरची आहे, आणि तीही संगीत न शिकलेल्या सहकाऱ्यानेच दाखवून दिली. मैफलीत चुकलेला ठोका हवेत विरून जातो आणि पुढच्या आवर्तनात तो कोणी मोजत नाही. कोडमध्ये चुकलेली ओळ तिथेच राहते आणि दर आवर्तनात पुन्हा वाजते. म्हणून तालाने आम्हाला एकत्र पोहोचायला शिकवले असले, तरी जुने दोष निस्तरण्यासाठी त्यातून काही मिळाले नाही, आणि तिथे दोषांची साधी यादी आणि ती नियमित वाचणे याला पर्याय सापडलेला नाही. हा सहकारी आरंभी सम, खाली हे शब्द केवळ ऐकून घेत असे. पाचव्या आवर्तनाच्या सुमारास त्याने हातावर दीपचंदी धरायला शिकवण्याची विनंती केली, आणि आता खालीच्या दिवशी सर्वांत आधी कात्री तोच चालवतो.

चौदाव्या आवर्तनाकडे

दीपचंदीच्या ११ आवर्तनांत दोन समा चुकल्या: एक वर सांगितलेली सातव्या आवर्तनातली, आणि दुसरी दहाव्यात, दोघे जण एकदम आजारी पडल्यामुळे. दुसऱ्या वेळी आम्ही सम पुढे ढकलली नाही. ते आवर्तन रिकामे सोडले आणि पुढच्या शनिवारच्या समेवरच भेटलो, त्यामुळे वार आणि मोजणी दोन्ही शाबूत राहिली.

येत्या शनिवारी ठेका माझ्याकडे येतो. लय एखाद्या मात्रेच्या ऐन मध्यावर बदलली, तर नवा आरंभ त्या मात्रेच्या सुरुवातीला मानायचा की पुढच्या मात्रेला, यावर आमच्यात अजून एकमत नाही. आमचा गायक म्हणतो की लय वाढल्याचे त्याच क्षणी जाणवले पाहिजे, आणि तबलावादक म्हणतो की मात्रा अर्ध्यावर मोडता कामा नये. दोघांनीही आपापल्या रीतीची पढंत तयार केली आहे; शनिवारी दोन्ही ऐकून मगच कोडला हात लावणार आहोत.