आमची वाटचाल : जुनं गेज, नवा गॅस

म्हापशाच्या आमच्या दुकानात बिलबुकाच्या वर खिळ्याला एक फुटलेला होजपाइप टांगलेला आहे. नवीन गिऱ्हाईक विचारतं, हे काय? बायको हिशेबातून मान वर न करता सांगते, "आमची शाळेची फी."

फ्रिज-एसी दुरुस्तीचं हे दुकान २००४ सालचं. बाजारामागे एक खोली, जुनी स्कूटर, गॅसचा दाब मोजायचं एक गेज, ज्योतीने नळ्या सांधायचा ब्रेझिंगचा टॉर्च आणि उसना आणलेला व्हॅक्युम पंप. आयटीआय करून चार वर्षं पणजीत दुसऱ्याच्या हाताखाली काढली होती. सुरुवातीला फ्रिजच जास्त. शुक्रवारच्या बाजाराला आलेली माणसं भाजीच्या पिशव्यांसकट दारात उभी राहायची, "फ्रीज थंड जायना मरे, सांजे येशील?" त्या सांजेच्या फेऱ्यांवर घर चाललं.

पुढे कळंगुट-कांदोळीची हॉटेलं मिळाली. किनाऱ्यावर खारा वारा एसीच्या बाहेरच्या युनिटचे ॲल्युमिनियमचे फिन्स, म्हणजे पातळ पत्रे, खातो, दोन-तीन पावसाळ्यांत बोट लावलं तरी पापडासारखे चुरतात. आम्हा मेकॅनिक लोकांची चूल त्या वाऱ्यावर पेटते, खोटं कशाला बोला. एएमसीची, म्हणजे वार्षिक देखभालीच्या कराराची, कामं वाढली, दोनाचे पाच जण झालो.

आम्हा फ्रिज-एसीवाल्यांच्या संघटनेचा सभासद मी २००९ मध्ये झालो, ते खरं तर मोफत सेमिनारसाठी. फुकट ते पौष्टिक. पर्वरीच्या हॉटेलात एसी हॉल, बुफे, टी-शर्ट. खर्च एखादी कंपनी करायची, त्यामुळे चाळीस मिनिटं तांत्रिक आणि दोन तास त्यांच्या नव्या मॉडेलचं कौतुक. स्लाइड इंग्रजीत, बोलणं हिंदीत. पुढच्या रांगांत आम्ही मालक. ज्यांनी गच्चीवर चढून गॅस भरायचा ती पोरं त्या दिवशीही गच्चीवरच.

अशाच एका सेमिनारात नव्या एसींतल्या आर-३२ गॅसबद्दल ऐकलं होतं. ऐकलं म्हणजे काय, त्या वेळी मी गुलाबजामाच्या रांगेत होतो.

२०१८ चा एप्रिल. कांदोळीच्या एका हॉटेलात नव्या इन्व्हर्टर मशीनचा गॅस गेला होता. पेडण्याचा पोरगा आमच्याकडे नवा होता, त्याला पाठवला. हातात दिलं दुकानाचं पहिलं गेज आणि त्याचेच जुने होज, आर-२२ या जुन्या गॅसच्या जमान्यातले. सिलिंडर गच्चीवर उन्हात. आता गणित सांगतो, तेव्हा कोणी नीट सांगितलं नव्हतं किंवा मी ऐकलं नव्हतं. पस्तीस अंशाला आर-२२ च्या सिलिंडरात साधारण १८० पीएसआय दाब असतो, आर-३२ च्या सिलिंडरात तीनशेच्या वर. उन्हात तापून पंचेचाळीस अंशांवर गेला की चारशेच्या जवळ. तडे गेलेला होज किती टिकणार? फाटला, आणि द्रवरूप, गोठवणारा गॅस त्याच्या मनगटावर उडाला. कातडी पांढरी पडली, नंतर फोड. हा गॅस पेटूही शकतो. शेजारी टॉर्च चालू नव्हता, हे आमचं नशीब. चूक सगळी माझी. मी त्याच्या घरी गेलो तेव्हा त्याच्या आईने चहा दिला, बोलली काही नाही.

त्याच पावसात संघटनेतल्या एका निवृत्त आयटीआय शिक्षकांनी एका सभासदाच्या शेडमध्ये दोन दुपारी वर्ग घेतला. वीस माणसं, एक फळा, एक कापलेला कॉम्प्रेसर. बुफे नव्हता, चहा आणि मिरचीभजी. नळी जोडणारा पाव इंची फ्लेअर नट टॉर्क पान्याने, म्हणजे जोर मोजणाऱ्या पान्याने, साधारण १५ न्यूटन-मीटरला आवळायचा, हाताच्या अंदाजावर सोडायचा नाही, हे मी चौदा वर्षं धंदा करून तिथे शिकलो. आणि ऑइल! आर-२२ च्या मशीनमधलं मिनरल ऑइल ओलावा फारसा धरत नव्हतं, आर-३२ च्या मशीनमधलं पीओई नावाचं कृत्रिम ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं आणि आत ॲसिड तयार होतं. गोव्याच्या जुलैत थोडा गॅस सोडून हवा काढायची आपली जुनी सवय म्हणजे कॉम्प्रेसरला विष. व्हॅक्युम पंप लावायचा आणि आत उरलेली हवा मोजणाऱ्या मायक्रॉन गेजवर आकडा पाचशेच्या खाली येईपर्यंत थांबायचं. आर-२२ विकासशील देशांत २०३० पर्यंत जवळजवळ संपायचाच आहे, ओझोनचा थर वाचवायच्या मॉन्ट्रियल करारामुळे, तेव्हा जुन्या सवयी सांभाळून फायदा नाही.

त्यानंतर मी कमिटीवर आलो आणि दर वर्षी तोच वाद ऐकतो. एक गट म्हणतो, "वर्षाची वर्गणी घेता, वर सेमिनारचे पैसे घेता, मग संघटना हवी कशाला?" दुसरा म्हणतो, "फुकट दिलं की किंमत राहत नाही, नावं चाळीस येतात, माणसं बारा." दोघंही खरं बोलतात. पण मला विचाराल तर प्रवेश फुकट असून एकट्या मेकॅनिकला तो फुकट पडतच नाही. एप्रिलमधला एक दिवस म्हणजे त्याची चार कामं. फी माफ केल्याने ती भरून येत नाहीत. आणि कंपनीच्या पैशाने सेमिनार घेतला की फळ्यावर काय लिहायचं ते कंपनी ठरवते. आमच्या धंद्यात हे परवडत नाही, दुरुस्तीला सगळ्याच कंपन्यांची मशीनं येतात.

मी कमिटीपुढे मांडलं ते असं : वर्ग जुलै-ऑगस्टमध्ये, गणेश चवथीची धावपळ सुरू व्हायच्या आत, अर्ध्या दिवसाचे. वर्गणी थोडी वाढवा आणि खर्च त्यातून करा. हाताने काम करणाऱ्या पोरांना मोफत, फक्त तीनशे रुपये अनामत, शेवटपर्यंत बसला की चहासोबत परत. मालकांकडून फी घ्या. शेवटच्या मुद्द्यावर बराच आरडाओरडा झाला. एक ज्येष्ठ म्हणाले, "पोरांना फुकट शिकवा म्हणजे उद्या ती आपल्याच समोर दुकान टाकतील." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण ते खरं आहे.

वर्गणीवाढ एका वर्षाने पास झाली, मालकांची फी दोन वर्षांनी. कंपन्यांचे बुफेवाले कार्यक्रम अजून होतात, मीही जातो, गुलाबजाम चांगले असतात. आमच्या दुकानात मात्र पोरांना वर्गाच्या दिवसाचा पगार मिळतो आणि आर-२२ चे होज लाल पट्टी लावून वेगळ्या खणात असतात.

पेडण्याचा पोरगा तीन वर्षं राहिला आणि गेला. पुढे त्याच्याच पेडणे तालुक्यात मोपाचा विमानतळ झाल्यावर तिकडे हॉटेलं वाढली, त्याने गावातच दुकान टाकलं. माझी दोन गिऱ्हाइकं त्याच्याकडे गेली, तीही मला न सांगता. गेल्या ऑगस्टच्या वर्गाला तो मालकांच्या रांगेत उभा राहून फी भरत होता. मनगटावरचा डाग अजून दिसतो. सोबत दोन पोरं आणली होती, त्यांची अनामतही त्यानेच भरली. चहाच्या वेळी ते सहाशे रुपये परत घेताना माझ्याकडे बघून म्हणाला, "पात्रांव, तुमची पोरं खंय?"

आमची दोघं त्या दिवशी कळंगुटला होती. अर्जंट कॉल आला होता.