तीनपेडी वेणीतून बोरोमियन कड्या, आणि तिथून खाली

ठाण्याच्या पाटीवर बोरोमियन कड्यांचं दोरीचं मॉडेल पूर्ण झालंय: तीन कड्या एकत्र अडकलेल्या, पण कुठलीही एक काढली की उरलेल्या दोन सुटतात. त्यातून एकेक क्रॉसिंग (एक दोरी दुसरीवरून जाते ती जागा) काढत साध्या गाठींपर्यंत उतरणंही जमलंय.

सामान: 6 मिमी नायलॉन दोरी, तीन रंग, प्रत्येकी 1 मीटर. जांभळी नाक्याच्या बाजारात सुटी घेता येईल. जोडायला पारदर्शक नळीचे 3 सेमीचे तुकडे, दोरी घट्ट बसेल असे. कापायच्या जागी आधी सेलोटेप गुंडाळा आणि टेपवरूनच कापा. टोक मेणबत्तीवर वितळवलं की त्याचा गोळा होतो आणि ते नळीत शिरत नाही. कडक गोल रिंगा किंवा बांगड्या आणू नका. तीन अचूक वर्तुळांच्या बोरोमियन कड्या होऊच शकत नाहीत.

कृती नेहमीच्या वेणीचीच. डावा पेड मधल्यावरून, मग उजवा पेड मधल्यावरून, ही एक फेरी. शेवटी खालची टोकं वळवून वरच्या टोकांना जोडा: डावं डाव्याला, मधलं मधल्याला, उजवं उजव्याला. 2 फेऱ्यांनी तिन्ही रंग एकाच दोरीत येतात आणि आठाची गाठ (4 क्रॉसिंगांची) मिळते. 3 फेऱ्यांनी प्रत्येक रंग स्वतःकडेच परततो, म्हणून बोरोमियन. एका फेरीत तिन्ही पेड चक्राकार जागा बदलतात, त्यामुळे फेऱ्या 3च्या पटीत असतील तरच तीन वेगळ्या कड्या राहतात, नाहीतर एकच गाठ. कुठलीही गाठ (एकच बंद दोरी) किंवा लिंक (अशा अनेक कड्या मिळून) अशी बंद वेणी म्हणून मांडता येते, हे गणितज्ञ अलेक्झांडरनं 1923 मध्ये सिद्ध केलं.

तपासणी सोपी आहे: कुठलीही एक कडी कापून काढा, उरलेल्या दोन सुटल्या पाहिजेत. एकच जोडी अडकत असेल तर त्या दोघींमधलं एक क्रॉसिंग उलटं पडलंय. तिन्ही जोड्या अडकत असतील, तर बहुधा टोकं जोडताना पूर्ण पट्ट्याला एक पीळ बसलाय. हे दुसरं फार वेळा होतं. वेणी पाटीवर टाचण्यांनी टोचून मगच टोकं वळवून आणा.

आता खरी मजा, क्रॉसिंग काढणं. क्रॉसिंगवर दोन्ही दोऱ्या कापायच्या आणि वेणीच्या दिशेनंच, एकमेकींना न ओलांडता, समांतर जोडायच्या. दिशेचे बाण आधी टेपवर काढा. उलट दिशेनं जोडलं तर भलतीच लिंक निघते. दोन वेगळ्या कड्यांचं क्रॉसिंग असेल तर त्या एक होतात, एकाच कडीचं असेल तर तिच्या दोन.

बोरोमियनमधून डावीकडचं (डाव्या आणि मधल्या जागेतलं) कुठलंही एक क्रॉसिंग काढा: दोन कड्यांची, 5 क्रॉसिंगांची व्हाइटहेड लिंक. तिचा लिंकिंग नंबर (एक कडी दुसरीभोवती दिशेसकट किती वेळा गुंडाळते तो आकडा) 0, तरी ती सुटत नाही. आता उजवीकडे दोन क्रॉसिंगं लागोपाठ दिसतील. त्यातलं एक काढलं की आठाची गाठ. त्याऐवजी डावीकडचं एक काढलं की ट्रेफॉइल, म्हणजे 3 क्रॉसिंगांची गाठ. उजवीकडचं एकटं उरलेलं मात्र कडीचं स्वतःशीच आहे. ते काढलं तर तीन कड्यांची साखळी, मधली दोघींत अडकलेली. आठाच्या गाठीतून कुठलंही एक काढा, हॉफ लिंक मिळते, म्हणजे एकमेकींत एकदाच अडकलेल्या दोन कड्या. गणितज्ञ कॉनवेच्या बहुपदीत (गाठी ओळखायला वापरतात त्या) गाठी आणि लिंका एकाच समीकरणात येतात त्या याच कापण्या-जोडण्यामुळे. हातानं केल्यावर ते समीकरण लगेच पटतं.

पुढे 4 फेऱ्या, 8 क्रॉसिंगांची एकच गाठ. त्यासाठी पेड दीड मीटरचे घ्या.